देवाजीचं इंटरवलपर्यंतचं मत

सन एकोणसत्तर-सत्तरच्या सुमारास नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत एखाद्या सुनेला पिक्चरला जायचं असलं, तर तिची सासू आधी देवाजीला विचारायची. देवाजी फार शिकलेला नव्हता, पुढारी नव्हता, आणि पिक्चरची आवड म्हणाल तर त्याला ती कधीच नव्हती. तरी तो "जाऊ द्या" म्हणाला की सून पातळ बदलायला आत पळे, आणि "काही जरुरी नाही" म्हणाला की तीच सून भांडी घासायला बसे.

देवाजी कोष्ट्याचा. घरात वडिलांच्या वेळेपासून दोन हातमाग होते, एक त्याचा आणि एक थोरल्या भावाचा, धोंडबाचा. लुगड्यांची मागणी उतरत गेली तसा देवाजीचा माग आधी थांबला, मग मोडला, आणि देवाजी मिलमध्ये लागला. बायको गोदू वारली त्या साली त्याने कायमची रातपाळी मागून घेतली. असा अर्ज साहेबाने आधी पाहिला नव्हता. त्याने तो दोनदा वाचला आणि देवाजीचा विचार बदलायच्या आत सही केली.

गोदू गेली तेव्हा देवाजी रडला नाही. गल्ली म्हणाली, धक्का बसला आहे, तेरावं झाल्यावर रडेल. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. मग गल्लीने वाट पाहणं सोडून दिलं आणि त्या अवस्थेला त्याचा स्वभाव ठरवून टाकलं. देवाजीनेही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

अडचण झोपेची होती. सकाळी सातला पाळी सुटे. देवाजी घरी येई, आंघोळ करी, मुलीने वाढलेलं जेवी आणि आडवा होई, तेवढ्यात पुढच्या खोलीत धोंडबा मागावर बसे. मग संध्याकाळपर्यंत खटखट. देवाजीने स्वतः वीस वर्षं तो आवाज केला होता, पण पलीकडच्या खोलीतून तो कधी ऐकला नव्हता. भावाला थांब म्हणणं म्हणजे त्याची चूल थांबवणं. म्हणून देवाजी बारा वाजताच्या शोला बर्डीवर जाऊ लागला. टॉकीजमध्ये अंधार होता, पंखे होते, आणि पडद्याजवळचे बाक बिनहाताचे असल्याने पाय पसरता येत होते.

मात्र आल्या आल्या झोपणं जमत नसे. उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवणारी बॅटरी तोंडावर पडे, कोणी पायावर पाय देई, गाणं लागलं की मागून शिट्ट्या वाजत. तेव्हा नाइलाजाने तो पडद्याकडे पाही. इंटरवलला तो एक चहा घेई. इंटरवलनंतर पिक्चर गंभीर होई, लोक चूप होत, आणि देवाजी झोपे. शेवटी राष्ट्रगीत सुरू झालं की गेटकीपर महादेवराव येऊन त्याला खांद्याला धरून उभं करी. तो आधी उभा राही आणि मग जागा होई. एकच पिक्चर तो आठवड्यात चार-चार वेळा पाही, आणि चारही वेळा अर्धाच. तो अर्धा मात्र त्याला पाठ असे.

समोरच्या घरच्या तुळजाबाईंनी त्याला पहिल्यांदा विचारलं. चार सुनांची सासू, त्यांना सगळ्याच गोष्टींची आधी चौकशी लागे.

"काहून गा देवाजी, पिक्चर पाहून राहिला का?"

"हो मावशी."

"कसा आहे?"

देवाजीने विचार केला. "आहे."

"घरच्या बायकाइनं पाहाण्यासारखा आहे का, ते विचारून राहिली मी."

"देवळात भेटतात. मंग देवळातच गाणं म्हणतात. पुजारी काही बोलत नाही."

"मंग जाऊ देऊ?"

"जाऊ द्या."

एवढ्यावर सुरुवात झाली. बाकीचे लोक पिक्चर पाहून आले की कोणी डोळे पुसत, कोणी नाचत येत, त्यांच्या सांगण्याला काय अर्थ? देवाजी गेला तसाच परत येई. त्यामुळे त्याचं मत शुद्ध, असं गल्लीने मानलं. डाकूंच्या पिक्चरबद्दल तो म्हणाला होता, "डाकू बरे आहेत. घोडा दमला आहे." जुळ्या भावांच्या पिक्चरबद्दल, "दोघंही एकच आहे, माणूस ओळखू येते." थंड हवेच्या ठिकाणचा एक रंगीत पिक्चर आला तेव्हा सारं नागपूर त्यावर लोटलं. देवाजी म्हणाला, "स्वेटरं चांगली आहेत." एका पिक्चरमध्ये हिरोची आई आंधळी होती आणि त्यावर बायका हंबरडा फोडत. देवाजी म्हणाला, "तिले दिसते. सुई ओवताना पाहिलं मी."

त्याने पास केलेल्या पिक्चरमध्ये पुढे कधी अर्ध्या कपड्यांतला नाच निघे, कधी कुणाची बायको दिराबरोबर पळून जाई. असं झालं तरी देवाजीवर आळ आला नाही. वर्षातून एखादा पिक्चर पाहणाऱ्या सासवा म्हणत, तो काय लाकडाचा माणूस, त्याला त्यात काही वाटलंच नसणार. सुनांना मात्र खरी गोष्ट केव्हाच कळली होती. देवाजीचा अंदाज इंटरवलनंतर चालत नाही, हे गल्लीतल्या सगळ्या सुनांना ठाऊक होतं, आणि आठ वर्षांत एकीनेही त्यावर तोंड उघडलं नाही. चालू पद्धतीत त्यांचा फायदा होता.

देवाजीची मुलगी सुमती एकोणीस वर्षांची झाली होती. मॅट्रिक झालेली, दिवसभर काकाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, मोजकं बोलणारी. तिला उमरेडचं स्थळ आलं. मुलगा विश्वनाथ, घर विणकराचंच, पण स्वतः पंचायत समितीत कारकून. आईवडील नव्हते, आत्या रुखमाबाईंनी त्याला वाढवलं होतं आणि लग्न ठरवणंही त्यांच्याच हातात होतं. असं स्थळ कोष्टीपुऱ्यात वर्षाला एखादं येई. धोंडबा म्हणाला, "हे गेलं तर दुसरं मागावर बसणाराच भेटन, देवा. मंग पोरगी जन्मभर कांड्याच भरन."

देवाजीने सुमतीला विचारलं, "काय म्हणतं?"

"तुम्ही म्हणान तसं."

स्वतः आठ वर्षं दोन शब्दांत मत देत आलेल्या माणसाला एवढं उत्तर पुरेसं वाटलं.

पाहणी झाली, पोहे झाले, पसंती अर्धी कळली. निघताना रुखमाबाई म्हणाल्या, "देवाजीभाऊ, पुढच्या रविवारी सगळे मिळून एक पिक्चर पाहू. पोरगा-पोरगी एकमेकाले पाहून घेतीन, अन् आपण त्याइले. पिक्चर तुम्हीच सांगा. तुमचं नाव उमरेडपर्यंत आहे."

देवाजीने निवड जपून केली. बर्डीवर एक पिक्चर दुसऱ्या आठवड्यात चालू होता, तो त्याने पाच वेळा पाहिला होता. त्यात एक मोठं घर होतं. सून पहाटे उठून तुळशीला पाणी घाली, सासूचे पाय चेपी, सासरा पोथी वाची, नवरा ऑफिसातून येताना केळी आणी. इंटरवलपर्यंत कोणी कोणाला हातसुद्धा लावत नव्हतं. त्याच्यावर देवाजीने आयुष्यातलं सगळ्यात लांब मत दिलं, "चांगला आहे. घरातलाच आहे."

रविवारी तीनच्या शोला पाच जण गेले. गोदूच्या जागी वडीलधारी बाई म्हणून तुळजाबाई आल्या. विश्वनाथने बाल्कनीची तिकिटं काढली होती. देवाजीला गादीची खुर्ची मिळाली. वरून त्याला खाली आपला बाक दिसत होता. त्यावर दुसरंच कोणी बसलं होतं.

पहिला अर्धा भाग त्याने पाहिला तसाच झाला. रुखमाबाई दोनदा "वा" म्हणाल्या. तुळजाबाईंनी अभिमानाने देवाजीकडे पाहिलं. इंटरवलला विश्वनाथने चिवडा आणला आणि सुमतीला पुडी देताना म्हणाला, "तिखट आहे, पाहून घ्या." पाचही जणांना हे ठीक वाटलं. देवाजीने सवयीने चहा घेतला.

मग पडदा उजळला आणि देवाजी आठ वर्षांत पहिल्यांदा जागा राहिला. सोयऱ्यांशेजारी झोपणं बरं दिसलं नसतं.

त्या मोठ्या घरात सासूचा हार हरवला. आळ सुनेवर आला. सासू बोलली, सासरा बोलला, आणि केळी आणणारा नवरा काहीच बोलला नाही. पुढे हार कोनाड्यात सापडला, पण कोणी तिला तसं सांगितलं नाही. ती रोज पाणी भरत राहिली. एका दुपारी तिने चार पातळं पेटीत टाकली, किल्ल्या तुळशीच्या ओट्यावर ठेवल्या आणि बाहेर पडली. दुसऱ्या गावी जाऊन नर्स झाली. शेवटी नवरा तिला न्यायला आला, हात जोडून उभा राहिला. तिने त्याला प्यायला पाणी दिलं, घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली आणि दार लावून घेतलं. राष्ट्रगीत सुरू झालं तरी लोकांना कळेना की संपलं. ते उभे राहून पडद्याकडे पाहत होते, अजून दार उघडेल म्हणून.

देवाजीने मध्ये एकदा सुमतीकडे पाहिलं होतं. चिवड्याची पुडी न उघडता तिच्या हातात होती. ती खुर्चीच्या टोकाशी आली होती.

बाहेर सायकल स्टँडपाशी रुखमाबाई थांबल्या. चेहरा बदलला होता.

"देवाजीभाऊ, हा पिक्चर तुम्ही पाहिला होता?"

"पाहिला होता."

"पाच खेप पाहिला, असं सांगितलं तुम्ही."

"पाच."

"मंग आमाले मुद्दाम दाखवला म्हणायचा. तुमाले काही सांगायचं असन तर तोंडानं सांगा ना! पोरीले नोकरी कराची आहे? का वेगळं बिऱ्हाड पाहिजे? का मी हारासाठी सुनेले छळन असं वाटते तुमाले?"

"आत्या," विश्वनाथ म्हणाला.

"तू चूप बस. हे काही साधे माणसं नाहीत. सोयरीक नाही कराची मले इथं."

सुमती सायकलींच्या रांगेकडे पाहत उभी होती. देवाजीला कळलं की आता दोनच गोष्टी आहेत. आपण पिक्चर निवडून दाखवला असं राहू द्यायचं, किंवा खरं सांगायचं. खरं सांगितलं तर तुळजाबाई ऐकणार, आणि रात्रीच्या आत गल्ली. गल्लीत त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं ज्यासाठी त्याला कोणी हाक मारावी. हे त्याने मनात मांडून पाहिलं. कुठे दुखलं नाही.

"मी अर्धाच पाहिला होता," तो म्हणाला.

"काय?"

"इंटरवलपर्यंत. मंग मी झोपतो."

"पाचही खेप?"

"आठ वर्षं झाले. मी झोपालेच येतो."

रुखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "लहान पोर समजले का मले? तिकीट काढून कोणी झोपते काय?"

तेवढ्यात महादेवराव गेट लावायला बाहेर आला. देवाजीला पाहून तिथूनच ओरडला, "काहून गा देवाजी, आज वरत गेला? झोप झाली नसन ना तुयी! त्या खुर्चीत पाय लंबे होत नाही." मग सोबतच्या बायका दिसल्या तसा ओशाळला. "नाही म्हणजे, रोज मीच उठवतो याले. कायम गिऱ्हाईक आहे आपलं."

रुखमाबाईंनी आधी महादेवरावाकडे पाहिलं, मग देवाजीकडे. आणि त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, स्टँडवाल्याने मान वळवून पाहावं इतक्या. "अन् उमरेडच्या बाया तुमचं नाव घेऊन पिक्चर पाहातात हो!" विश्वनाथही हसला. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि तिथेच, सायकलींच्या मध्ये, सांगितलं की तुळशीचं लग्न झालं की पहिली तारीख धरू, आणि आमच्या घरी सुना घरातच राहतात, तेवढं पोरीला नीट समजावून ठेवा. देवाजी "हो" म्हणाला. आत्या-भाचे उमरेडच्या गाडीसाठी एसटी स्टँडकडे गेले.

तिघं घराकडे पायी निघाले. सुमती चार पावलं पुढे. कॉटन मार्केटपर्यंत तुळजाबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "तो डाकूवाला?"

"अर्धा."

"जुळ्या भावाइचा?"

"अर्धाच."

"बापा! अन् नवरात्रात मी जावयाले घेऊन गेली तो? मंदाकिनीच्या घरवाल्याशेजी बसून मी तो नाच पाहिला, मान खाली घालून!"

"मले नाही माहीत नाच, मावशी."

"अन् आंधळ्या मायचा?"

"त्यातही झोपलो."

"मेली ना गा ते शेवटी! लहान सुनेनं दोन दिवस जेवण केलं नाही." तुळजाबाई रस्त्यात थांबल्या. "आठ वर्षं आमी तुया तोंडाकडे पाहून पोरीइले पाठवलं अन् अडवलं. आता कोणाले विचाराचं?"

गांधीबागेच्या बाजूला रविवारमुळे कापडाची दुकानं बंद होती. ओट्यांवर म्हातारे बसले होते. तुळजाबाई पुन्हा चालू लागल्या, आणि थोड्या वेळाने जराशा मऊ आवाजात म्हणाल्या, "चल, झालं ते झालं. पोरीचं तर जमलं. आजचा तर पुरा पाहिला ना तू? मंग सांग कसा होता."

देवाजीने विचार केला. पुरा पिक्चर एवढा लांब असतो हे त्याला माहीत नव्हतं. "मले सांगता नाही येत," तो म्हणाला. "सुमतीले विचारा."

"काय वं सुमती? कसा होता पिक्चर?"

सुमती थांबली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. "चांगला होता, आजी," ती म्हणाली. "ते वापस गेली नाही. तेच बरं केलं तिनं."

तुळजाबाई "अगं बाई" म्हणून हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. देवाजीने ऐकलं. तारीख ठरली होती, उमरेडची गाडी आता सुटली असेल. त्याला समजत होतं की इथे आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे. तो रस्त्याच्या कडेला थोडा वेळ थांबला, वाटतं का ते पाहत. मग तुळजाबाईंनी हाक मारली आणि तो निघाला.