कंदिलाच्या उजेडातला शालू

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न एका निळ्या शालूवरून मोडायची वेळ आली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मॅट्रिकला होते. आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, आणि गावात अजून वीज आलेली नव्हती.

बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं नगरला गेली. कापडबाजारातल्या दुकानात भर दुपारीही ट्यूबलाइट लागलेल्या होत्या. बहिणीने गडद निळा शालू उचलला. आमच्या आत्याला हिरवा हवा होता, पण पैसे नवऱ्याकडचे, म्हणून तिने हट्ट सोडला. परतताना एस.टी.त गाठोडं नवऱ्याच्या आईच्या मांडीवर होतं.

नवऱ्याच्या आईला घेऊन आमच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. गल्लीतल्या बायका बस्ता बघायला जमल्या. कंदील मधे ठेवला, गाठोडं सोडलं, शालू पसरला आणि सगळ्या पुढे वाकल्या. शालू काळा होता.

"नवरीला काळं?" शेजारची एक बाई म्हणाली.

आत्याला तेवढंच पुरलं. "दुकानात निळं दावलं, घरी काळं निघालं. गाठोडं कुनाकडं हुतं?"

नवऱ्याची आई ताडकन उठली. "म्हंजे आमी बदललं? विहीनबाई, तोंड सांभाळा. आमाला असली सोयरीक नगं. शेवटची गाडी जायची हाय अजून."

वडील तिच्या वाटेत उभे राहिले. बहीण आत जाऊन बसली. सकाळी उन्हात बघू, असं कुणीतरी म्हणालं, पण तोवर नवऱ्याच्या आईने चपला घातल्या होत्या.

मला भांडणापेक्षा शालूचंच कोडं पडलं होतं. मी रोज कंदिलाशी अभ्यासाला बसायची. निळ्या शाईची अक्षरं त्या उजेडात काळी दिसायची. एकदा वहीवर हळदीचा डाग पडला होता. रात्री तो कुठे आहे ते सापडेना आणि सकाळी ढळढळीत पिवळा दिसला. शाळेत गुरुजींनी लोलकातून ऊन पाडून भिंतीवर सात रंग दाखवले होते. वस्तूवर जो उजेड पडतो त्यातला तिचा रंग ती परत पाठवते, बाकीचा गिळते, असं त्यांनी सांगितलं होतं. कंदिलाची ज्योत पिवळी-तांबडी, तिच्यात निळा नावापुरता. जे आलंच नाही ते शालू परत कुठून पाठवणार?

हे मी बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, "मास्तरीन झालीस व्हय? ह्ये माझं रोजचं लुगडं निळं हाय. मला तर ह्या कंदिलात बी निळंच दिसतंय."

तिने वलणीवरच्या आपल्या लुगड्याकडे बोट दाखवलं. मीही पाहिलं, आणि मलाही ते निळंच वाटलं. मग वाटलं, ते निळं आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून तर तसं दिसत नसेल?

मी कापडाला गुंडाळून आलेलं वर्तमानपत्र घेतलं. त्याला रुपयाएवढी दोन भोकं पाडली. आत्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. काठ-पदर दिसू नयेत अशा बेताने शालूची घडी एका भोकाखाली ठेवली, वलणीवरचं लुगडं ओढून दुसऱ्या भोकाखाली. नवऱ्याची आई उंबऱ्यात थांबून बघत होती.

"वळ आता. ह्यातलं काळं कुठलं?"

आत्याने वाकून पाहिलं. "दोन्ही काळी हायत. मला येड्यात काढतीस का?"

मी कागद उचलला. आत्या लुगड्याकडे बघत राहिली. मग तिने ते उचलून कंदिलाजवळ नेलं, लांब नेलं, पदर चाचपला.

"माझ्या लुगड्याला काय केलंस गं?"

"विहीनबाई," उंबऱ्यातून आवाज आला, "आता तुमचं कुनी बदललं वो?"

आधी शेजारीण हसली, मग सगळ्याच. नवऱ्याच्या आईने चपला काढल्या. शेवटची गाडी गेली तेव्हा ती आमच्या चुलीपुढे भाकरी खात होती, आणि बायका आपापली लुगडी भोकाखाली धरून बघत होत्या. हिरवं जवळजवळ काळं, पिवळं पांढरट, तांबडं मात्र जसंच्या तसं. एरवी बस्ता बघताना पहिली चौकशी किमतीची, पण त्या रात्री शालूची किंमत कुणी विचारली नाही. सकाळी अंगणात शालू निळा निघाला, तेव्हा तो बघायलाही फारसं कुणी थांबलं नाही.

आत्याने चूक झाली असं म्हटलं नाही. फक्त त्या रात्री भाकरी वाढताना विचारलं होतं, "लगीन गोरज मुहूर्तावर हाय न्हवं? मग अंधारात नवरी काळी दिसंल. कंदील नगं. गॅसबत्त्या आना, त्यांचा उजेड पांढरा असतो."

लग्नात बत्त्या आल्या. मंगलाष्टकं चालू असताना बत्तीवाला रिवाजाप्रमाणे नवऱ्यामागे जाऊन उभा राहिला. आत्याने गर्दीतून वाट काढली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला अलीकडे ओढलं.

"हितं धर, नवरीवर. नवऱ्याचं धोतर पांढरंच हाय, ते कुटं बी दिसंल."