दत्ताच्या रायफलचा बोअर

रविवारी सकाळी रामवाडीच्या एका हॉटेलात आम्ही चार रिटायर्ड मास्तर चहाला बसतो. किस्से कुणी ठरवून जमवत नाही, घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. आमच्याकडचे निम्मे एकट्या दत्ताच्या रायफलने पुरवलेत. आणि ती रायफल चाळीस वर्षांत एकदाही उडालेली नाही!

*

दत्ता आमच्यातला गणिताचा मास्तर. शेती निडीला, आधी भात, मग वाल. रायफल वडिलांची, जुनी, शिकारीची. लायसन मात्र पीक राखण्यासाठी. त्या बोअरच्या, म्हणजे तिच्या नळीच्या मापाच्या, गोळ्या बनायच्या कधीच बंद झाल्या. शेवटची एक उरली होती, ती देव्हाऱ्यात असते, रोज तिला हळदकुंकू!

लायसन रिन्यू करताना साहेबांनी विचारलं, "शेवटचा बार कधी काढलात?"

"बाबांनी काढला होता."

"मग डुकरांपासून वाल कोण राखतं?"

दत्ता जन्मात खोटं बोललेला नाही. म्हणाला, "बायको. पत्र्याचा डबा वाजवून!"

साहेबांनी बजावलं, पुढच्या वेळी चालणारी बंदूक दाखवा, नाहीतर सरकारजमा करा. दत्ता त्या दिवशी जेवला नाही. भावाभावांच्या वाटणीत बाबांची म्हणून तेवढी एकच वस्तू त्याच्या वाट्याला आली होती. मला खरंच वाईट वाटलं.

*

मग बोअर बदलायचं ठरलं, म्हणजे आजच्या गोळ्या बसतील अशी रायफल करून घ्यायची. त्यासाठी परवानगी हवी, आणि अर्जात रायफलचा नंबर हवा. क्लार्कने नळी उन्हात धरली. नंबर गायब!

झालं होतं असं, की दर दसऱ्याला आधी दत्ताच्या आईने आणि नंतर त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ती नळी चिंच आणि राख लावून घासली होती. देवाची भांडी घासतात तशी!

"मास्तर, नंबराशिवाय ही बंदूक बेवारस," क्लार्क म्हणाला.

शेवटी मुंबईच्या लायसनवाल्या कारागिराने, चाचांनी, लाकडी दस्ता सोडवला. नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाखाली, तोच नंबर ठळक उमटलेला! आम्ही टाळ्या पिटल्या. वहिनींचा चेहरा मात्र पडला. "बघा, तितकीच घासायची ऱ्हायली होती!"

*

परवानगी आली. दत्ता रायफल घेऊन चाचांकडे गेला, मी सोबतीला. चाचांनी यादी वाचली. नळी नवी. खटका नवा. दस्त्याला भेग आहे, तोही नवा.

"आणि जुनं काय राहणार?" दत्ताने विचारलं.

चाचांनी रायफल फिरवून पाहिली. "पट्टा!"

"तो मी घरीच ठेवून आलोय," दत्ता म्हणाला.

*

इतक्यात दसरा आला आणि पूजेला रायफल नाही! वहिनींनी हमरापूरच्या बाळ्याला गाठलं. बाळ्या माझा जुना विद्यार्थी, गणपती करतो. भिंतीवरच्या फोटोत दत्ताचे वडील रायफल घेऊन उभे आहेत. तो फोटो समोर ठेवून त्याने प्लास्टरची रायफल केली. दस्त्याची भेगसुद्धा सोडली नाही. फक्त हाताच्या सवयीने नळीवर सोनेरी वेलबुट्टी काढली होती!

"अरे बाळ्या, ही बंदूक हाय, सोंड नाय," वहिनी म्हणाल्या. मग त्याने काळा हात मारून दिला.

बोडकी दिसते म्हणून वहिनींनी तिला घरी राहिलेला तो जुना पट्टा बांधला. पूजा झाल्यावर दत्ता त्या पट्ट्यावरून हात फिरवत बसला होता.

*

पुढे निवडणूक लागली. लायसनवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा, असा हुकूम. शेवटच्या दिवशी दत्ता तयार रायफल आणायला मुंबईला गेलेला, फोन लागेना. लायसन रद्द होईल या धास्तीने वहिनींनी प्लास्टरची रायफल जुन्या लुगड्यात गुंडाळली, लायसनची झेरॉक्स घेतली आणि रिक्षाने रोह्याला गेल्या. ठाण्यात ही गर्दी! हवालदारांनी लुगड्याची घडी जरा वर केली, चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. शेरा: "स्थिती उत्तम."

संध्याकाळी दत्ता नवी रायफल घेऊन मलाही बरोबर ओढत ठाण्यात हजर. हवालदारांनी रजिस्टर उघडलं. "मास्तर, तुमची जमा हाय की!"

"ती प्लास्टरची आहे."

हवालदारांना घाम फुटला. त्यांनी आतून लुगडं आणलं, दोन्ही रायफली टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक कोरी करकरीत, नवी नळी, नवा खटका, नवा दस्ता. दुसरी काळपट, भेगाळलेली, पट्ट्यावर दत्ताच्या वडिलांच्या घामाचे डाग.

"लायसन एकाच बंदुकीचं हाय. एकच जमा ऱ्हाईल, दुसरीचं मी काय बघितलं नाय," हवालदार हळूच म्हणाले. "आता खरं सांगा. तुमच्या वडिलांची यातली कुठली?"

दत्ताने दोन्हींकडे नीट पाहिलं. मी त्याचा शर्ट मागून ओढत होतो.

त्याने प्लास्टरच्या रायफलवर हात ठेवला.