ड्रायव्हरच्या बाजूची फुली

आमच्या ह्यांना कशाचाही अपराध वाटतो. शिंक आली तर शेजारच्यांची झोपमोड होईल म्हणून भर दुपारी नाक दाबून धरतील. स्टुलाला पाय अडखळला तर स्टूल सरळ करून वर त्याच्यावरून हात फिरवतील, जणू लागलं ते स्टुलालाच. मी म्हणते, अहो, देवाने तुम्हाला माणूस म्हणून घडवलं की माफीनामा म्हणून? त्यावर हसतात आणि परत कामाला लागतात.

काम म्हणजे जुन्या गाड्यांच्या बारीकसारीक वस्तू दुरुस्त करायच्या. इंजिन वगैरे आमच्याकडे कुणी आणत नाही. दारांच्या मुठी, दिव्यांच्या कडा, आरशांच्या दांड्या आणि वायपर. घराच्या मागच्या खोलीत वस्तू घट्ट धरायचा एक व्हाइस, पॉलिशचं चाक आणि रॉकेलचे डबे, एवढाच कारखाना. नवीन वायपर बाजारात ढिगाने मिळतात, मग जुन्यांवर एवढा जीव का टाकता, असं मी नव्या नवलाईत एकदा विचारलं होतं. झालं! जुन्या गाडीची काच कशी बुटकी नि फुगीर असते, नवं पातं मध्ये टेकून कडेला कसं हवेत राहतं, हे मला जेवण गार होईपर्यंत ऐकावं लागलं. पुन्हा नाव काढलं नाही.

वस्तू आली की हात लावायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, ही यांची जुनी शिस्त. मग जुनं रबर ओढून काढायचं, पोलादी पाठ रॉकेलमध्ये भिजत घालायची, गंज उतरवायचा, चाकावर धरून चमकवायची आणि नवं रबर खाचेत सरकवायचं. आणि ओरखडा दिसला की यांचे हात शिवशिवतात. तो घालवल्याशिवाय यांना चैन पडत नाही. घरातल्या माझ्या दोन परातींची नक्षी अशीच गेली.

एक दिवस एक डॉक्टरीणबाई आल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पाती घेऊन. त्यांच्या वडिलांची लाल, ठेंगणी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. बाईंचा एकुलता एक मुलगा आजारपणात गेला तेव्हापासून ती गॅरेजमधून बाहेरच निघाली नव्हती. "आता माझंही वय झालं," त्या म्हणाल्या. "हातपाय चालतायत तोवर एकदा चालवीन म्हणते. बाकी सगळं झालं, मिस्त्री, वायपर तेवढे राहिलेत. पण मूळचेच हवेत हं."

यांनी जीव ओतून काम केलं. पाती अशी झाली की त्यात तोंड बघून टिकली लावावी. आणि त्याच दुपारी बाईंचा फोन आला. मीच उचलून यांच्या हातात दिला, पण आवाज मलाही ऐकू येत होता.

"मिस्त्री, सांगायचं राहिलंच. ड्रायव्हरच्या बाजूच्या पात्याला आतून एक फुली आहे. ती तशीच राहू द्या. दोन पात्यांचा बाक वेगळा आहे ना, अदलाबदल झाली की काचेवर न पुसलेला पट्टा राहायचा. म्हणून माझ्या मुलाने लहानपणी खिळ्याने खूण केली होती. त्याच्या हातचं तेवढंच आहे त्या गाडीवर. आहे ना?"

यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तोंडातून शब्द निघाला तो "आहे."

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "मला वाटलं, ओरखडे आहेत. मी घासून टाकले गं."

मग आधी काढलेला फोटो समोर घेऊन बसले. फोटोत फुली स्वच्छ दिसत होती, एक रेघ लांब, एक आखूड, टोकाला घसरलेली. आधी भंगार पत्र्यावर खिळ्याने गिरवत राहिले. हात बसल्यावर पात्यावर काढली, काजळी आणि तेल चोळून जुनी केली. मी फोटोशी ताडून पाहिली. फरक सापडेल तर शपथ!

बाई आल्या. पातं उलटं करून त्यांनी फुलीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. डोळे भरून आले. "तुम्ही हिला धक्का लावला नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार कसे फेडू?" हे जमिनीकडे बघत उभे होते. जमीन दुभंगली असती तर आनंदाने आत गेले असते.

त्यानंतर बाई गाडी घेऊन रोज सकाळी आमच्या रस्त्याने जायच्या, हॉर्न वाजवून हात करायच्या. हॉर्न ऐकला की हे मागच्या खोलीत पळायचे, घरी वसुलीवाला आल्यासारखे.

"सांगून टाकतो," एक दिवस म्हणाले.

"काही गरज नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई सुखात आहेत ते बघवत नाही का तुम्हाला?"

"अगं, ती माझी फुली आहे. त्या मुलाची समजून हात फिरवतात त्या. मला सहन होत नाही."

"नका सहन करू! गिळा आणि गप्प बसा. चूक तुमची, मग ओझं त्यांच्या डोक्यावर का?"

पण ऐकतील तर ते हे कसले. शर्ट बदलून गेले.

परत आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. मी काही विचारायच्या आधीच बोलू लागले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, चहासुद्धा विचारला. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "खरं बोललात, चांगलं केलंत. तुम्हाला हलकं वाटलं असेल. आता गाडीत बसले की मला तो नाही दिसणार, मिस्त्री. तुम्ही दिसाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे खिडकीशी बसून राहिले, हातात एक दाराची मूठ, ती नुसती इकडून तिकडे फिरवत. मला यांचा असा राग आला होता की काय सांगू. मी भांडी आदळत होते. शब्द जिभेवर तयार होते, धार लावून.

"तू म्हणत होतीस तसं गप्प बसायला हवं होतं ना मी?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत होते, लहान मूल बघतं तसे.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"नाही हो," मी म्हटलं. "सांगितलंत तेच बरं केलंत."

त्यांनी मान हलवली आणि मुठीला पॉलिश लावायला घेतलं. मी पाठ फिरवून पातेलं घासत राहिले, यांना माझं तोंड दिसू नये म्हणून.