राखेखालचं गाव

शिडाच्या बोटीतून कॅरिबियनची बेटं हिंडताना एका दुपारी आम्ही ज्वालामुखीनं गिळलेल्या एका गावात उतरलो. आमची बोट चालवणारा जोसेफ मूळचा तिथलाच. राख पावसानं थिजून दगडासारखी झाली होती आणि आम्ही घरांच्या छपरांइतक्या उंचीवरून चालत होतो. पाखरू नाही, कुत्रं नाही. आमच्याच पावलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता.

वरच्या मजल्याची एक खिडकी आता आमच्या पायांशी आली होती. जोसेफ तिथं थांबला.

"हे आमचं घर. आम्ही सगळे पळालो. आई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी दार लावून आलेच."

"मग?"

"आली नाही."

मागे राहिलेल्यांची वाट आपण बघत असतो, की तेच आपली वाट बघत असतात, हे मला तिथं उमगेना.

जोसेफनं वाकून खिडकीतून हलकेच हाक मारली. थोडा थांबला आणि आतल्या माणसाला बाहेर येता यावं तसा बाजूला झाला. आत नुसता अंधार होता.

मीही बाजूला झाले.