सुभेदारांना पोल्ट्रीत नेणाऱ्या वायरमनबाई

वायरमनबाई खांबावर चढताना खांबाला शिव्या घालायच्या. मोठ्यानं आणि त्याच्या सात पिढ्यांसकट. खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावायच्या, पण एकही जागची हलायची नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "वर गेलं की हात कापत्यात गुरुजी. शिव्या दिल्या की थांबत्यात."

सांगलीकडच्या माधवनगरहून त्या आमच्या म्हसवडजवळच्या गावात बदलून आल्या होत्या. कागदावर त्यांचं पद काहीतरी लांबलचक होतं, पण गावानं 'वायरमनबाई' करून टाकलं. खाकी शर्ट-पँट, कमरेला पकड आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. कुणी 'मॅडम' म्हटलं की म्हणायच्या, मॅडम ऑफिसात बसतात, मी खांबावर बसते.

माझे वडील आण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फुफ्फुसं कामातून गेली होती, नाकात चोवीस तास ऑक्सिजनच्या मशीनची नळी होती, पण मिजास शाबूत होती. बाईमाणसानं खांबावर चढणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. वायरमनबाई आमच्या दारासमोरच्या खांबावर चढल्या की आण्णा खुर्ची भिंतीकडे वळवून घ्यायचे. बाईंना ते वरून दिसायचं. मग त्या शिव्यांचा आवाज थोडा वाढवायच्या.

त्या डिसेंबरात एका रात्री वादळ आलं. जूनमध्ये हात जोडून बोलावलं तरी आमच्या माणदेशात न येणारा पाऊस न बोलावता आला. सोबत लिंबाएवढ्या गारा आणि पत्रे उडवणारा वारा. तासाभरात मुख्य लाइनचे खांब ओळीनं आडवे झाले, वाटेवर बाभळी पडल्या, म्हसवडचा रस्ता बंद झाला. मागोमाग अशी थंडी पडली, की पुढं आठवडाभर शाळेत मुलांऐवजी गोधड्याच येऊन बसल्यासारख्या वाटत होत्या. वादळाच्या रात्री आण्णांचं मशीन इन्व्हर्टरवर कसंबसं सकाळपर्यंत चाललं. मग घरात ऑक्सिजनचा एकच छोटा सिलिंडर उरला, दुपारपर्यंत पुरेल इतका.

सकाळी गावानं बाईंना चावडीपुढं घेरलं होतं. सरपंचांना पुतण्याच्या लग्नाची रोषणाई हवी होती, बाकीच्यांना मोबाइल चार्ज करायचे होते. तीन-चार दिवस तरी लागतील, असं बाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं. मी गर्दीत मागं उभा राहून सिलिंडरचं सांगितलं. बाईंनी सरपंचांना तिथंच सोडलं आणि माझ्याबरोबर घरी आल्या.

आण्णांच्या पुढ्यात उकिडवं बसून त्या म्हणाल्या, "आवं सुभेदार, वीज तुमच्याकडं यायला चार दिवस लागत्यात. तवा तुमीच विजेकडं चला."

वीज होती ती माळावरच्या पोल्ट्रीत. तिथं डिझेलचा जनरेटर होता. आण्णांना धाप लागली होती, तरी कोंबड्यांत मरणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मराय कोण नेतंय? श्वास घ्याय चला."

बाई, मी आणि शेजारचे दोघं, अशा आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं; सिलिंडर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मशीन मागून एका पोरानं डोक्यावर घेतलं. पुढचा उजवा पाय बाईंच्या हातात होता. चिखलातून माळ चढताना त्या खुर्चीला शिव्या घालत होत्या. आण्णांनी डोळे मिटून घेतले होते. दम नव्हता म्हणून की लाजेनं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

पोल्ट्रीचा मालक गांगरला. बारक्या पिल्लांना ऊब द्यायचे दिवे आधीच जनरेटरवर होते, वरून मशीनचा भार नको म्हणत होता. बाईंनी त्याची खोली पाहिली. त्यात टीव्ही होता, गिझर होता. त्या म्हणाल्या, "गिझर बंद करा. तुमच्या अंघोळीवाचून कोंबड्यांचं काय अडलंय?" गिझर बंद झाला. शेडपासून लांब असलेल्या त्याच खोलीत मशीन सुरू झालं आणि आण्णांच्या निळसर ओठांवर हळूहळू रंग आला. मी बाहेर जाऊन खाद्याच्या पोत्यावर बसलो आणि रडलो. बाईंनी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढचे चार दिवस बाई गावातली पोरं हाताशी घेऊन त्या बोचऱ्या वाऱ्यात माळावरची लाइन उभी करत होत्या. आण्णांच्या खाटेवरून खिडकीतून सगळं दिसायचं. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी कूस बदलली. तिसऱ्या दिवशी तर खांबाला दोर नीट बांधला नाही म्हणून ते मला बाहेर निरोप घेऊन पिटाळू लागले. बाईंचा उलट निरोप आला, की सुभेदारांनी फुफ्फुस सांभाळावं, खांब मी सांभाळते. आण्णा हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. पाचव्या दिवशी वीज आली. घरी परतताना आण्णांच्या अंगाला पोल्ट्रीचा वास येत होता आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

दीड वर्षानं बाईंची बदली झाली. निघायच्या दिवशी त्या आण्णांच्या पाया पडायला आल्या, तेव्हा आण्णांनी पाय मागं घेतले आणि त्यांना समोरच्या खुर्चीवर बसवलं. चहा पिऊन बाई उठल्या, फटफटीला पहिल्या किकला चालू झाली नाही म्हणून यथास्थित शिव्या घातल्या आणि गेल्या.

आण्णांनी मला विचारलं, आता यांच्या जागी कोण येणार. मी सांगितलं, कराडकडचा कुणीतरी तरणाबांड गडी येतोय.

आण्णा काळजीनं म्हणाले, "जमंल का रं त्याला?"