मुकादमांना उचलू नका

मामा गेले. आता घरी जो येतो तो हळू आवाजात बोलतो, बिचारे, शेवटी फार सोसलं, असं म्हणतो. मामांना कोणी बिचारे म्हटलेलं चाललं नसतं, माणूस दाराबाहेर काढला असता त्यांनी. म्हणून ही जिन्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. स्वतः मामा सांगायला बसले की हातवारे करून समोरचा कप पाडायचे.

मामा सामान हलवणाऱ्यांचे मुकादम. कोणाला घर बदलायचं असलं की कपाट, फ्रिज, पलंग, सगळं पट्ट्यांवर तोलून जिन्यावरून खाली, टेम्पोत, आणि मग दुसऱ्या जिन्यावरून वर. भिंतीला ओरखडा नाही. टोळीत दोघे त्यांचे खास. एक लंबू. दुसरा बारक्या, जो इतका जाड की दारातून आडवा होऊन आत यायचा. कामाचा कायदा एकच, जिन्यात खालच्या बाजूला जो असेल तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. वजन त्याच्यावर ना. आणि खाली कायम मामा.

अशा माणसाला झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. जीभ शाबूत होती, पण मामा बोलेनात. दवाखान्यातून तिसऱ्या मजल्यावर घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. मामी भरवायला बसल्या की दोन घास, मग मान फिरवायची.

"अहो, शिव्या तरी द्या हो," मामी म्हणायच्या. तेही नाही. मामींना एकच भीती, की हा माणूस असाच भिंतीकडे बघत संपणार.

डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर पुष्कळ जणांचं मन असं खचतं, हा हट्ट नाही, हा पण आजारच. गोळ्या देतो, पण जोडीला व्यायाम पाहिजे, नुसता हातापायासाठी नाही, मनासाठीपण. आणि व्यायाम करून घेणारी बाई घरी पाठवली. बाई कसली, पोरगीच. पहिल्या दिवशी मामांनी तिच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी आणि समोरून वरात! लंबू आणि बारक्या मामांना खुर्चीत बसवून, खुर्चीला पट्टे घालून, न्हाणीघरातून पलंगाकडे आणतायत. रोज कामावर जायच्या आधी यायचे बिचारे. दवाखान्यात न्यायचं तरी तेच, तीन मजले खाली, पुन्हा वर. जीव ओवाळून टाकत होते मुकादमावर.

"बघा मॅडम," बारक्या छाती काढून म्हणाला, "पाणी भरलेला पेला हातात द्या त्यांच्या, थेंब सांडणार नाही."

ती पोरगी लालबुंद झाली. "काका काय कपाट आहेत?"

आणि पट्ट्यांमधून आवाज आला, "कपाट बरं. त्यात निदान कपडे तरी ठेवतात."

किती दिवसांनी बोलले! मामी लाटणं घेऊनच बाहेर धावल्या. लंबूचा चेहरा मात्र उतरला. एवढं प्रेमानं उचलत होतो आणि मुकादमाला काय वाटत होतं, तर आपण सामान झालो.

पोरगीनं तिथंच फर्मान काढलं. "आजपासून ह्यांना कोणी उचलायचं नाही. टेकू द्यायचा, तो मी दाखवीन तेवढाच."

मग जे सुरू झालं! पलंगावर बसायचं, उभं राहायचं, पुन्हा बसायचं. बसून मारायची पायडलं आणली. मामा घामाघूम, लंबूचे हात शिवशिवायचे, मामी त्याला म्हणायच्या, "भाऊजी, हात खिशात!" सगळे दिवस काही चांगले नव्हते. कधी मामा पुन्हा भिंतीकडे वळायचे. "नको. मन नाही होत."

"नाही होत तर नाही," पोरगी म्हणायची. "मनाला इथंच झोपू द्या. आपण दोघं दारापर्यंत जाऊन येऊ."

आणि येताना मामा काहीतरी बोललेले असायचे. शेजारच्याचं दार करकरतं, तेल घाल म्हणावं, असलं काही. मामींना तेवढं दिवसभर पुरायचं.

मग एक दिवस ती म्हणाली, आज जिना.

मामांचा चेहरा पांढरा. तिनं आधाराचा पट्टा काढला, मामांच्या कमरेला बांधायला, तर ते ओरडले, "पट्टा सामानाला लावतात!"

"बरं," ती म्हणाली, "पण हा उचलायला नाही, तोल सांभाळायला. आणि तो मीच धरणार. लंबूदादा खाली, बारक्यादादा मागे. आणि बोलणार कोण?"

"खालचा," लंबू सवयीनं म्हणाला.

"आज नाही. आज काका बोलणार. ते म्हणतील तेव्हाच हलायचं."

मामांनी एकदा जिना खालपर्यंत बघितला. मग घसा खाकरला. "लंब्या, एक पायरी खाली हो. बारक्या, श्वास माझ्या मानेवर नको सोडूस, मागे हट. हां... चल!"

उजवा हात कठड्यावर, आधी कमजोर पाय, मग चांगला. एक पायरी. आणखी एक. आवाज चढायला लागला, दारं उघडायला लागली. "लंब्या, झोपलास काय रे गाढवा!"

"वहिनी," बारक्या वर बघून ओरडला, "शिव्या सुरू झाल्या!"

मामी वरच्या कठड्याला धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

खाली पोचले. मामा शेवटच्या पायरीवर बसले, रस्ता बघितला, सायकली बघितल्या, खूश. मग मामीच वरून म्हणाल्या, "अहो, आता वर कसे येणार?"

उतरताना कठडा उजवीकडे होता. आता तो डावीकडे, निकामी हाताकडे. लंबूनं आपसूक हात पुढे केले. मामांनी एवढे डोळे वटारले की ते हात परत गेले.

पोरगी शेजारी बसली. "काका, जड फ्रिज घेऊन तुम्ही जिना चढता, तर वरच्या बाजूचा माणूस कसा चढतो?"

"पाठीमागे. उलटा." मामांनी मान वळवून कठड्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. उलटं चढलं की कठडा पुन्हा उजवीकडे!

"मी पट्टा सोडणार नाही, आणि चांगला पाय आधी," ती म्हणाली. "प्रत्येक वळणावर बसायचं."

तसे चढले. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. मामी वळणावर स्टूल ठेवत वर वर सरकत होत्या. शेजारी टाळ्या वाजवत होते, त्यांनाही मामांनी झापलं, लक्ष जातंय म्हणून.

घरात आल्यावर मामींनी चादर सारखी केली, दमले असतील म्हणून.

"झोपायला कशाला?" मामा धापा टाकत म्हणाले आणि पोरगीकडे वळले. "उद्या किती वाजता?"

"उद्या रविवार आहे काका."

"मग लवकर ये."

आणि आली ती.