उरलेल्या बियाण्याची ओटी

कलबुर्गीच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. बेंझीनच्या षटकोनाला दोन नायट्रोजनवालं पंचकोनी कडं चिकटलं की बेंझिमिडाझोल होतं. एवढं फळ्यावर काढलं की पोरं विचारतात, याचा उपयोग काय? मी सांगते, शाळेत वाटतात ती जंताची गोळी, वडिलांची ॲसिडिटीची कॅप्सूल आणि तुरीच्या बियाण्याला चोळायचं बुरशीनाशक, सगळी एकाच घराण्यातली. पण सख्खे भाऊसुद्धा सारखे नसतात. गोळी पोटात घ्यायची असते, बियाण्याची पूड नाही.

पोरांना कळतं, आमच्या घरात कळत नाही. हळ्ळीखेडजवळ आमचं शेत आहे. पेरणी संपली की पेरणाऱ्या बाईची ओटी उरलेल्या बियाण्यानं भरायची, ही घरची रीत. बी घरचं होतं तोवर रीत चांगलीच होती. आता बियाण्याला औषध लागतं, तरी रीत तीच. यंदा मी सुट्टीला घरीच होते. आईनं माझ्यादेखत ती औषध चोळून गुलाबी झालेली तूर मावशीच्या ओटीत घातली. मावशी म्हणजे वर्षानुवर्षं आमच्याकडे पेरणीला येणारी बाई. तिच्या घरी दोन लहान नातवंडं आहेत.

"चार पाण्यानं धुवून घे, आन् लेकरांला घुगऱ्या कर," आई म्हणाली.

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, हे विष आहे, पुरून टाका. आई म्हणाली, अन्न मातीत घालणाऱ्याचं बरं होत नसतं. माझा थोरला भाऊ अण्णा म्हणाला, धुतलं की जातंय, दुकानदारानंच सांगितलंय. शिकलेल्या बहिणीपेक्षा दुकानदार शहाणा!

मी मावशीच्या ओटीतली तूर काढली, आमच्याच पातेल्यात धुतली आणि गॅसवर चढवली. म्हटलं, धुतल्यावर जातंय ना, मग आज आपणच खाऊ. अण्णाच्या लेकीला सगळ्यांत आधी वाढते.

अण्णानं उठून गॅस बंद केला. "लेकराला कामून देतीस असलं?"

म्हणजे सगळं माहीत होतं.

मावशी दारातच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मागल्या साली बी हेच दिल्तं की, अण्णा. आमच्या लेकरांनी खाल्लं."

अण्णानं मान खाली घातली. आई लगबगीनं आत गेली, घरच्या खाण्यातली तूरडाळ सूपभर घेऊन आली. मावशीनं ओटी पुढं केली नाही.